काजळी धरलेला पत्रा

शार्लोटेनबुर्गच्या आमच्या प्रयोगशाळेत झाडलोट करणाऱ्या ओटिली क्राहनबाईंना घाण दिसली की माणसं दिसेनाशी होत. एकदा मी लेथवर काम करत होतो. त्यांनी माझ्या पायाखालची फरशी पुसली, मग माझे बूट पुसले आणि निघून गेल्या. नवरा गेल्यापासून तळघरातली एक खोली आणि हे काम, एवढंच त्यांचं होतं. काम गेलं की खोलीही जाणार, हे सगळ्यांना ठाऊक होतं.

वरच्या मजल्यावर डॉक्टर हेन्निग तापलेल्या धातूतून निघणारा, डोळ्यांना न दिसणारा प्रकाश मोजायचे. एक पितळी पत्रा मागून वाफेने तापवायचा. समोरच्या यंत्राला त्याची ऊब पोचली की भिंतीवरच्या पट्टीवर उजेडाचा ठिपका सरकायचा. पत्र्यावर डॉक्टरांनी टर्पेंटाइनच्या दिव्याची काजळी धरली होती. ती एकसारखी बसावी म्हणून ते श्वाससुद्धा बेताने घेत. खोलीतल्या कशालाही हात लावणाऱ्याला कामावरून काढण्यात येईल, अशी पाटी दारावर होती.

प्रोफेसर बोरगार्ट प्रयोग पाहायला येणार असं कळलं, तेव्हा क्राहनबाईंनी सकाळीच बाह्या वर सारल्या. आम्ही प्रशियन लोक पाटीचा शब्द मोडत नाही. पण साहेब येणार आणि समोर काळाकुट्ट पत्रा, हा त्याहून मोठा गुन्हा.

प्रोफेसर आले. मी वाफ सोडली. डॉक्टरांनी पडदा सरकवला आणि त्यांचा चेहराच पडला. पत्र्याचा आरसा झाला होता, त्यात प्रोफेसरांच्या दाढीचा केसन् केस दिसत होता. पट्टीवरचा ठिपका जेमतेम हलला आणि थांबला.

"हे कोणी केलं?" प्रोफेसरांनी विचारलं.

क्राहनबाई कॉफीचा ट्रे घेऊन दारात उभ्या होत्या. डॉक्टरांनी एकदा तिकडे पाहिलं.

"मीच, साहेब. घासलेला पत्रा किती कमी देतो, ते पाहावं म्हटलं."

भला माणूस. बाईंची खोली वाचली म्हणून मी मनात देवाचे आभार मानले.

प्रोफेसर पत्र्यावर वाकले. "एक ओरखडा नाही. तुमच्या हाताला गुण आहे, हेन्निग."

ट्रे टेबलावर आदळला.

"ह्यांच्या हाताला? अहो, ह्यांना स्वतःची कॉलर धड पुसता येत नाही! व्हिनेगर आणि खडूची पूड लावून हात मोडले ते माझे. आणि शाबासकी ह्यांना?"

"बाई, गप्प बसा हो," मी पुटपुटलो.

"का बसू? चोरी केलीय का मी?"

त्या क्षणी मला बाईंचा इतका राग आला की वाफेचा नळ त्यांच्याकडेच वळवावा असं वाटलं.

प्रोफेसरांनी दारावरची पाटी वाचली. मग पत्र्यात बघून मिशी सारखी केली.

"तुमच्यासारखा सहायक दरवर्षी नवा मिळतो, हेन्निग," ते म्हणाले. "असं पितळ घासणारं माणूस मिळत नाही. बाई राहतील. तुम्ही काजळी पुन्हा धरा. आणि ह्यांना नीट समजावून सांगा, म्हणजे पुन्हा घासायला जाणार नाहीत."

कॉफी पिऊन ते गेले.

हुकूम तो हुकूम. डॉक्टरांनी अर्ध्या पत्र्यावर काजळी धरली, अर्धा तसाच ठेवला आणि बाईंना स्टुलावर बसवलं. काळा भाग यंत्रासमोर आला की ठिपका पट्टीभर धावे, चकचकीत आला की जागीच मरगळून पडे.

"दोन्ही सारखेच तापलेत, बाई. काळा आपली ऊब बाहेर टाकतो. घासलेला स्वतःजवळच ठेवतो."

क्राहनबाईंनी पट्टीवरच्या ठिपक्याकडे बोट केलं.

"आमच्या खोलीत पितळी शेगडी होती, डॉक्टर. माझ्या आईची. मी रोज घासायची. माझा नवरा, गुस्टाफ, म्हणायचा, ओटिली, शेगडी पेटलीय खरी, पण अंगाला ऊब म्हणून लागत नाही. मी म्हणायची, आळशी आहेस, जरा हातपाय हलव. छातीत कफ भरून गेला तो, त्याच हिवाळ्यात." त्यांनी डॉक्टरांकडे मान वळवली. "शेगडीचंही असंच असतं का हो?"

डॉक्टर हेन्निग साधं तापमान सांगायचं तरी दोनदा तपासून सांगत. या खेपेला त्यांनी जराही वेळ घेतला नाही.

"नाही, बाई. शेगडीचं वेगळं असतं."

"मला वाटलंच," क्राहनबाई म्हणाल्या. या वेळी त्यांनी डॉक्टरांना खोटं पाडलं नाही.