भिंगावर हात

इंदापूर भागात तंबूतला मुका सिनेमा आला, की मालक आधी कळसच्या सावळारामतात्यांना बोलावणं धाडायचा. त्याला कारणही तसंच होतं. एकोणीसशे तीसच्या सुमाराला पडद्यावर एका नटीचा पदर ढळला, आणि बायका बसल्या असताना हे दाखवतोस म्हणून लोकांनी तंबूचे दोर कापले. तेव्हा पंचांनी ठरवलं, की सिनेमाच्या यंत्राशेजारी एक भला माणूस बसवायचा. वावगं आलं, की त्यानं यंत्राच्या भिंगावर हात धरून पडदा काळा करायचा.

तात्या कालव्याच्या पाण्यावर भाजीपाला करणारे, अब्रूदार घराण्यातले. त्यांच्या घरात विधवेचं दुसरं लग्न कधी झालं नव्हतं. हात कुठं धरायचा ते कळावं म्हणून मालक प्रत्येक चित्र आधी त्यांना एकट्याला दाखवायचा. म्हणजे गावानं जे बघू नये, ते तात्यांनी मात्र डोळे फाडून बघायचं. यंत्र फिरवणारा रामहरी त्यावरून त्यांची खेचायचा. तात्याही हसायचे.

पुढच्या वर्षी वावगं त्यांच्याच घरात घडलं. मुलगा जाऊन दीड वर्ष झालं होतं आणि सून चंद्राबाईला दिवस गेले होते. तात्यांच्या बायकोनं, द्वारकाबाईंनी, हे नवऱ्याच्या कानावर घातलं, त्यालाही आठ दिवस झाले. तात्या एक अक्षर बोलले नाहीत. जा म्हणाले नाहीत, राहा म्हणाले नाहीत. पोरगी त्या एका शब्दावर जीव धरून होती. अशात गावात तंबू लागला. सुनेला घरात कोंडलं तर लोकांना संशय येईल, म्हणून द्वारकाबाई तिला मुद्दाम सिनेमाला घेऊन गेल्या.

पडद्यावर एक पांढऱ्या कपाळाची बाई पोटावर पदर ओढत विहिरीकडे निघाली. मधल्या कापडी कनातीपलीकडं बायकांनी माना उंच केल्या. बाईनं काठावर पाय ठेवला, आणि तात्यांनी भिंगावर हात धरला.

पुढचं त्यांना पाठ होतं. सासरा धावत येतो, सुनेचा हात धरतो, तिला पोटाशी घेतो आणि घरी नेतो. पण ज्या गावात सासरा अंगणात आला की सून दाराआड होते, तिथं हे दाखवायचं कसं? त्यांना हात शेवटपर्यंत काढताच आला नाही, कारण तो सासरा सुनेचा हात सोडतच नव्हता. कंदील लागले. बाई बुडाली असं समजून बायका डोळे पुसत घरी गेल्या.

घरी तात्या जेवायला बसले. चंद्राबाई दाराआड उभी होती. सासऱ्याशी ती कधी बोलत नसे. काही विचारायचं तर सासूकरवी. द्वारकाबाई भाकरी वाढत म्हणाल्या, "सून इचारतीया, त्या बाईचं म्होरं काय झालं?"

तात्यांनी खरं सांगावं, तर सासऱ्यानं सुनेला जवळ घेतलं हे सुनेच्या देखत तोंडातून काढायचं. शिवाय ते सांगणं म्हणजे तिला शब्द दिल्यासारखंच होतं. माणूस वाईट नव्हता हो, भित्रा होता.

"असल्या गोष्टी घरात काढू न्हायेत," ते म्हणाले.

सकाळी चंद्राबाई मळ्यातल्या विहिरीत सापडली.

तात्यांनी यंत्राशेजारची जागा सोडली नाही. लोकांना वाटलं, म्हातारा दुःख विसरायला येतो. पण कनातीपलीकडं तिसऱ्या ओळीत, डोक्यावरून पदर घेतलेली चंद्राबाई त्यांना प्रत्येक खेळाला दिसायची. ती पडद्याकडं बघायची नाही. त्यांच्या हाताकडं बघायची.

वर्षभरानं तेच चित्र जवळच्या बावडा गावात लागलं. बाई विहिरीशी आली. रामहरी दबक्या आवाजात म्हणाला, "तात्या, हात." तात्यांचे दोन्ही हात मांडीवरच राहिले. सासरा धावत आला, त्यानं सुनेला पोटाशी घेतलं, आणि तंबूत एकच गिल्ला झाला. कुणी जोडा फेकला. कुणी तात्यांच्या सात पिढ्या काढल्या. तात्या उठले, कनातीकडं तोंड करून उभे राहिले.

"चंद्रे, बग की. घरी न्हेली तिला सासऱ्यानं. मला म्हाईत व्हतं."

सुनेशी ते सरळ बोलले, ते एवढंच.