समोरचा दात

हापशीचा दांडा माझ्या तोंडावर बसला तेव्हा शाळेत मधली सुट्टी होती. समुद्रपूर तालुक्यातल्या एका लहानशा गावात मी जिल्हा परिषदेच्या शाळेत पहिलीचा वर्ग शिकवायचे. दोन हजार साल उजाडायला अजून दोन-तीन वर्षं होती. हापशी जड झाली होती, पहिलीतल्या मुलींच्या हाताला काही ती दाद देत नव्हती, म्हणून मी पदर खोचून पाणी काढायला गेले. दांडा पूर्ण खाली दाबला आणि ओला हात सटकला. दांडा सरळ वर आला. मी मटकन खाली बसले.

तोंड रक्तानं भरलं. थुंकले तर त्यात काहीतरी कडक होतं. एका मुलीनं ते उचललं, हापशीखाली धुतलं आणि माझ्या तळहातावर ठेवलं.

"बाई, तुमचा दात."

वरचा, अगदी समोरचा. तिरपा तुटून अर्धा हातात आला होता आणि अर्धा तोंडात राहिला होता. गावातल्या डॉक्टरनं ओठाला टाका घातला, इंजेक्शन दिलं आणि सांगितलं की सूज उतरली की समुद्रपूरला जाऊन उरलेला तुकडा काढून घ्या. हेडमास्तरांनीही तेच सांगितलं. शेजारच्या बायकांनीही तेच. आणि घरी आत्यानंही.

आत्या म्हणजे माझी सासू. घरात आम्ही दोघीच. आम्हाला मूल नव्हतं, आणि माझे मिस्टर दोन वर्षांपूर्वी काविळीनं गेले होते. आत्याच्या तोंडात तेव्हा एकही दात नव्हता. साठीही झाली नव्हती तिची. एकेक दुखत गेला तसा एकेक काढत गेली, एवढाच तिच्या दातांचा इतिहास. ज्वारीची भाकर वरणात भिजवून, पार लगदा करून ती खायची.

"मले एकई नाई," ती म्हणाली. "काय अडलं माहं? टाक काढून."

काढून टाक. हे दोन शब्द त्या दोन वर्षांत मी फार ऐकले होते. मिस्टर गेले त्याच्या तिसऱ्या दिवशी बांगड्या काढून टाक. मग गळ्यातलं काढून टाक. मग ट्रंकेतल्या दोन चांगल्या साड्या, एक लाल आणि एक पोपटी, नणंदेला देऊन टाक, तुला आता कशाला. आमच्या घरात बुद्धाची तसबीर होती, विहारात दर रविवारी आम्ही वंदना म्हणायचो, असल्या रीती आपण कधीच सोडल्या असं सगळेच बोलायचे. तरी वेळ आली तेव्हा माझ्या हातातल्या बांगड्यांकडे सगळ्यांचं बरोबर लक्ष गेलं. मी दिल्या. भांडायची ताकदच नव्हती अंगात.

पण दाताच्या वेळी एका शेजारणीनं सहज म्हणून जे म्हटलं, ते मला चावलं. ती भाजी निवडता निवडता म्हणाली, "आता कोनाले दाखवाचे आहेत दात तुले?"

वाईट मनानं नव्हती बोलली. म्हणूनच जास्त लागलं. मी त्या दिवशी ठरवलं, हा दात मी काढणार नाही.

सूज उतरल्यावर वर्ग घेऊ लागले तर दुसरीच पंचाईत. "स" म्हटलं की शिट्टी वाजायची. पहिलीतली मुलं बाईंचं ऐकून अक्षर उचलतात. मी "स सशाचा" म्हणायचे आणि समोरची तीस मुलं प्रामाणिकपणे शिट्टी मारून "स सशाचा" म्हणायची. चिडवत नव्हती, त्यांना वाटायचं अक्षरच तसं आहे. हेडमास्तरांनी ते व्हरांड्यातून ऐकलं आणि मला सुचवलं की काही दिवस पहिली दुसऱ्या गुरुजींकडे द्या, तुम्ही रजिस्टरं लिहा. मी नाही म्हटलं. फळ्यावर स काढायचे आणि वर्गातल्या ज्या मुलीचा स स्वच्छ होता तिला उभं करून म्हणायला लावायचे.

एका शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर मी एसटी धरली. समुद्रपूरहून हिंगणघाट, हिंगणघाटहून वर्धा. बसस्टँडजवळच्या गल्लीत दातांच्या एका तरुण डॉक्टरनं नवीनच दवाखाना टाकला होता. त्यानं दात पाहिला, छोट्या आरशानं मागून पाहिला, थंड हवा मारली तशी मी खुर्चीतून अर्धी उठले. तो म्हणाला, मूळ पक्कं आहे, नस उघडी पडली आहे. नस साफ करावी लागेल, मग दात घासून बारीक करायचा आणि वरून कॅप बसवायची. चार-पाच वेळा यावं लागेल. दात वाचेल.

दात वाचेल, हे ऐकायलाच मी दोन बस बदलून आले होते.

मग त्यानं दाराकडे पाहिलं. "सोबत कोणी नाही का मॅडम? मिस्टरांना एकदा विचारून घ्या. खर्चाचं काम आहे. नाहीतर काढून टाकणं सोपं."

"ते दोन वर्षांपूर्वी वारले," मी म्हटलं. "तुम्ही मला विचारा."

तो एवढासा झाला. मग त्यानं मला विचारलं आणि मी हो म्हटलं. नंतर त्यानं कधी दाराकडे पाहिलं नाही, एवढं त्याच्या बाजूनं सांगायला हवं.

मार्चभर दर शनिवारी मी वर्ध्याला गेले. नस काढायचं दुखणं मी सांगत बसत नाही, ज्यांनी काढून घेतली आहे त्यांना माहीत आहे. परतीच्या बसमध्ये ओठ बधिर असायचा, पदर तोंडाला लावून मी बसायचे. आणि तिकडे गावात हिशोब जुळत होता: विधवा बाई, दर शनिवारी वर्ध्याला जाते, संध्याकाळी तोंड झाकून येते, आणि आता म्हणे दातावर टोपी घालणार आहे.

चौथ्या शनिवारनंतर माझा दीर आला. तो हिंगणघाटला कापसाच्या जिनमध्ये कामाला होता, सणावारालाच यायचा. चहा झाला, ऊन किती आहे ते बोलून झालं. मग खाली पाहत म्हणाला,

"वहिनी, लोकं काय बोलून राह्यले, माहीत आहे का तुमाले?"

"काय बोलून राह्यले?"

"का तुमी दुसरं घर पाहून राह्यल्या वर्ध्याले."

मी हसले असते, पण आदल्या दिवशीच्या इंजेक्शननं ओठ अजून सुजलेला होता, म्हणून नुसता पदर तोंडाला लावला. त्याला वाटलं मी लाजले. म्हणून तो पुढे बोलत गेला: दुसऱ्या लग्नाचं तसं काही असेल तर चार माणसांत बसून ठरवू, नसेल तर हे दाताचं बंद करा, घराची अब्रू आहे.

तेव्हा मात्र माझा आवाज चढला. "दात माहा आहे, भाऊजी. तोंडई माहंच आहे. मले दुसरं घर कराचं असन तर मी तुमाले सांगून करीन, लपून नाई करनार. अन् नसन कराचं, तरी दात बसवीनच. या दोन गोष्टीचा एकमेकीशी काई संबंध नाई."

तो आईकडे वळला. तिनं मला समजवावं अशी त्याची अपेक्षा होती. आत्या चुलीपुढे बसली होती. लाकूड आत सारत ती म्हणाली, "दोन महिने झाले, एकाच बाजूनं चावून राह्यली ते. तू पाह्यलं का कधी?"

एवढंच. माझी बाजू घेतली असं म्हणता येणार नाही. पण दीर त्या दिवशी पाचची बस धरून गेला आणि दाताचा विषय त्यानं पुन्हा काढला नाही.

एप्रिलच्या सुरुवातीला डॉक्टरनं दात घासला. चहूबाजूंनी घासून घासून त्याचा नुसता खुंट ठेवला, गुलाबी लगद्यात माप घेतलं आणि तात्पुरती प्लास्टिकची कॅप चिकटवून दिली. माप नागपूरला जाणार होतं, दात तिथे बनत. पुढच्या शनिवारी गेले तर दात आलेला होता. त्यानं लावून आरसा हातात दिला.

इतका पांढरा दात मी कोणाच्याच तोंडात पाहिला नव्हता. आमच्या गावच्या पाण्यानं सगळ्यांचेच दात थोडे पिवळट असतात, कडेला तपकिरी छटा असते. माझेही तसेच. त्यात हा खडूसारखा एकटाच उभा.

"हा माझा नाही," मी म्हटलं.

"मॅडम, सगळे पांढराच मागतात."

"मी नाही मागितला."

तो म्हणाला, सवय होईल. मी म्हटलं, नाही होणार. तो म्हणाला, परत पाठवला तर आणखी आठ-दहा दिवस जातील. मी म्हटलं, जाऊ द्या. मग त्यानं जरा त्रासून दातांच्या नमुन्यांची पट्टी काढली, ती आतल्या ट्यूबलाइटखाली न धरता मी दाराशी उन्हात नेली, हातातल्या आरशात एकेक नमुना शेजारच्या दाताला लावून पाहिला आणि मला हवा तो रंग दाखवला. कागदावर त्यानं नंबर लिहिला आणि खाली, माझ्या सांगण्यावरून, कडेला किंचित तपकिरी, असंही लिहिलं. मला कोणाला दाखवायचे नव्हते, हे खरंच होतं. म्हणूनच तर मला माझाच दात पाहिजे होता.

त्या आठ-दहा दिवसांत चौदा एप्रिलची जयंती आली. आमच्या वस्तीत जयंतीला विहारापुढे मांडव पडतो, आणि नोकरीला लागल्यापासून दरवर्षी तिथे माझं भाषण असायचं. मिस्टर गेले त्या वर्षी फक्त झालं नव्हतं. जयंतीच्या सकाळी पोह्यांतला एक दाणा चावला आणि डॉक्टरनं पुन्हा चिकटवून दिलेली प्लास्टिकची कॅप निघून हातात आली. तुटका दात निदान दात तरी दिसत होता. हा घासलेला खुंट म्हणजे तोंडात खिळा ठोकल्यासारखा.

महिला मंडळाच्या अध्यक्षबाई घरी आल्या, त्यांनी पाहिलं आणि अगदी मायेनं म्हणाल्या की यंदा राहू द्या, कॉलेजात जाणारी एक पोरगी आहे, ती बोलेल. मी म्हटलं, तिलाही बोलू द्या, माझ्यानंतर.

संध्याकाळी मी उभी राहिले. त्या भाषणात "समाज" आणि "शिक्षण" हे शब्द किती वेळा येतात ते आधी कधी मोजलं नव्हतं. पहिल्याच "समाज"ला माइकमधून शिट्टी गेली. मांडवाच्या मागच्या बाजूला हसू फुटलं, पुढच्या सतरंजीवरच्या बायकांनी माना खाली घातल्या. मी थांबले. हात तोंडाकडे जात होता, तो मी टेबलावर ठेवला.

"हसून घ्या," मी म्हटलं. "माहा दात तुटला, जीभ नाई तुटली. मले पूर्न बोलाचं आहे."

पूर्ण बोलले. लिहून आणलेलं होतं ते बोललेच, आणि नव्हतं तेही. आपण रीती सोडल्या म्हणतो आणि कोणाचा माणूस गेला की तिच्या हाताकडे पाहतो, हे बोलले. बांगड्यांचं बोलले. पोपटी साडीचं बोलले. नणंद तिसऱ्या रांगेत बसली होती. शिट्ट्या वाजतच होत्या. पण हसू कधी थांबलं ते मला कळलं नाही. टाळ्या मात्र फार पडल्या नाहीत, अवघडल्यासारख्या पडल्या. घरी परतताना आत्या माझ्या पुढे पुढे चालत राहिली. चार दिवस तिनं अबोला धरला, नणंदेनं सहा महिने. साडी काही परत आली नाही, आणि मीही ती मागितली नव्हती. उन्हाळ्याच्या सुट्टीत हिंगणघाटच्या बाजारातून मी दुसरी घेतली, तशीच पोपटी, आणि जून महिन्यात शाळा उघडली त्या दिवशी नेसून गेले.

कॅप त्याआधीच बसली होती. नागपूरहून आलेला दुसरा दात डॉक्टरनं लावला, आणि आरसा देण्याआधी तो स्वतःच म्हणाला, "आता ओळखू येत नाही कोणता." खरंच येत नव्हता. ऊस आणि कणीस समोरच्या दातांनी फोडू नका, असं सांगून त्यानं मला सोडलं. परतीच्या बसमध्ये मी तोंडाला पदर लावला नाही.

आत्याला मी पुढे विचारलं, तुला कवळी बसवून आणू का. तिनं साफ नाही म्हटलं. दुसऱ्यांदा विचारलं तेव्हा चिडली. मी सोडून दिलं.

त्यानंतर दहाएक वर्षं तो दात मुकाट्यानं राहिला. माझी बदली आर्वीकडे झाली, आत्या माझ्यासोबत आली आणि तिथेच वारली. मी लग्न केलं नाही. कोणी नको म्हटलं म्हणून नाही, मनात आलं नाही म्हणून. हळूहळू हिरडी वर सरकली आणि कॅपच्या काठाशी आतल्या धातूची एक बारीक काळी रेघ दिसू लागली. आर्वीला एक नवीन डॉक्टरीण होती, माझ्या विद्यार्थिनीच्या वयाची. दाढ दाखवायला गेले तर तिचं लक्ष त्या रेघेकडे गेलं. आता धातू नसलेल्या कॅप येतात, ती म्हणाली, ही काढून टाकू, रेघ दिसणार नाही.

"दिसू द्या," मी म्हटलं. "तुम्ही दाढेचं बघा."