दोन मात्रांची झेप

शास्त्रीय संगीताचा ऱ्हास नेमका कोणत्या दिवशी, किती वाजता आणि कोणाच्या चुकीनं सुरू झाला, हे छातीठोकपणे सांगू शकेल असा एकच माणूस भारतात आहे, आणि तो गोंदियाजवळ फुलचूरला राहतो. हा माणूस माझा साडू आहे. म्हणजे माझ्या बायकोच्या मोठ्या बहिणीचे यजमान. अर्जुनी मोरगावकडच्या तलावांचं पाणी मोजण्यात त्यांची सारी नोकरी गेली. निवृत्त झाल्यावर पाणी सुटलं, मोजणं सुटलं नाही. त्यांच्याकडे सहज म्हणून चहाला गेलेल्या माणसाला एकच भीमपलास तीन गवयांच्या तोंडून ऐकावा लागतो आणि मग परीक्षा होते: "तिघांत गंधार कोनाचा खरा?" उत्तर चुकलं तर चौथा गवई येतो. मी एकदा भिऊन "तिघांचाही" म्हणालो. त्यांनी आत आवाज दिला, "याच्या चहात साखर नको टाकू वो!"

ग्रामोफोनवर तबकडी मिनिटाला अठ्ठ्याहत्तर फेरेच फिरली पाहिजे, हा त्यांच्या घरातला पहिला कायदा. एक फेरा कमी झाला तर गवई आजारी वाटतो आणि जास्त झाला तर चोर मागे लागल्यासारखा पळतो, असं त्यांचं म्हणणं. म्हणून तबकडीवर खडूची खूण करून, हातात घड्याळ धरून ते आधी फेरे मोजतात. मध्ये कोणी बोललं की पुन्हा एकपासून. माझ्या मुलीच्या लग्नाचं आमंत्रण मी त्यांना दुर्दैवानं एकेचाळिसाव्या फेऱ्याला दिलं. लग्नाला ते आले, अक्षता टाकल्या, दोनदा श्रीखंड घेतलं, पण माझ्याशी बोलले नाहीत.

दुसरा कायदा असा, की गाणं ज्या काळातलं त्या काळातल्यासारखंच गायलं पाहिजे. त्यांच्या घरच्या बैठकीत माईक नाही, विजेचा तानपुरा नाही आणि मे महिन्यातसुद्धा पंखा नाही. "बुवांच्या काळी पंखा होता का? मग तुमाले कायले पायजे?" असा बिनतोड सवाल. फार जुन्या तबकड्यांवर गाणं संपलं की गवई स्वतःचं नाव ठणकावून सांगत असत. साडूंच्या मते तो बंदिशीचाच भाग. गोंदियातल्या एका शाळेत संगीत शिकवणाऱ्या बाई त्यांच्याकडे गायला येतात. बाई बिचाऱ्या गुणी. पहिल्या बैठकीत गाणं संपवून त्यांनी लाजत लाजत आपलं नाव सांगितलं. "ठणकावून!" साडू ओरडले. बाईंनी डोळे मिटून असं काही ठणकावलं की शेजारीण भिंतीवरून डोकावून म्हणाली, "काय झालं जी? कोनाले बोलावून राहिले?"

पण हे सगळं किरकोळ. साडूंचा खरा शोध होता तो 'झेप'. त्यांच्याकडे एका बुवांची भीमपलासची लाखेची तबकडी आहे, चाळीस वर्षांपासून. तिच्यात अंतऱ्यानंतर एका जागी बुवा सोळा मात्रांच्या आवर्तनातल्या दोन मात्रा सरळ ओलांडून पुढच्या सुरावर उभे राहतात. साडू सांगत, ही त्या घराण्याची हरवलेली विद्या आहे, पुढच्या एकाही गवयाला ती साधली नाही. या झेपेवर त्यांनी चाळीस पानांचा निबंध लिहिला होता. बैठकीत तबल्याला बसणारा बाजारातल्या भजनी मंडळाचा वादक पहिल्या दिवशीच म्हणाला, "काकाजी, यहाँ ताल में गड्ढा है."

"गड्ढा? अरे, बुवा उडाले त्याच क्षणी त्यायचा तबलजीही उडाला! याले म्हनतात साथ!"

महिनाभर बाई आणि तबलजी एकदम उडण्याचा सराव करत होते. बाई पलीकडे पोचायच्या, तबलजी अलीकडेच राहायचा. शेवटी बाईंनी मोबाइलवर तीच तबकडी शोधून काढली. त्या प्रतीत दोन मात्रा जागच्या जागी होत्या. साडूंनी ती प्रत पुरती ऐकलीसुद्धा नाही. "धानात कोंडा मिसळवतात तशी कोनीतरी मागाहून भर घातली," एवढं बोलून त्यांनी मोबाइल परत केला.

पुढे नागपूरच्या रसिक मंडळींच्या एका सभेत निबंध वाचायचं आमंत्रण आलं. साडूंनी नवा पांढरा सदरा शिवायला टाकला. आणि त्याच आठवड्यात एका दुपारी त्यांची बायको, आमच्या ताई, एकट्याच ऑटो करून आमच्या घरी आल्या. पाणीसुद्धा न घेता म्हणाल्या, "भाऊजी, थे झेप-बीप काही नाही. थो ओरखडा हाय, तिथं सुई उडते. लग्नाच्या दुसऱ्या वर्षी सुपारी कातरता कातरता माह्या हातून सरोता पडला तबकडीवर. त्याच दिवशी आनली होती, एकदाही लावली नव्हती. सांगनार होती. पन संध्याकाळी यायनं तबकडी लावली अन् उडीच मारली, 'अवो, आयकलं का?' म्हनून. एवढा आनंद झालेला मानूस, मी काय सांगू? आता नागपूरचे जानते लोक हासतील ना जी त्यायले. तुमी सांगा. माह्यानं नाही होत."

साऱ्या आयुष्यात या माणसाची मी थट्टाच केली. पण त्या दिवशी थट्टा घरी ठेवून फुलचूरला गेलो. मी तबकडी खिडकीपाशी तिरकी धरली आणि त्यांच्या हातात दिली. उन्हात ती बारीक रेघ स्पष्ट दिसत होती. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. नखानं रेघ चाचपली. ताई स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या.

"मोबाइलवरचं लावा," ते म्हणाले.

मी लावलं. ती जागा आली. दोन मात्रा नुसता तबला वाजला, बुवा गात नव्हते. साडूंनी हात वर करून पुन्हा लावायला सांगितलं. चौथ्या वेळी मलाही ते ऐकू आलं. तबल्यामागे अगदी बारीक, हवा आत ओढल्याचा आवाज होता.

"श्वास घेऊन राहिले जी बुवा," साडू हळूच म्हणाले. "चाळीस वर्षं मी या मानसाले श्वास नाही घेऊ देल्ला."

ताईंना राहवलं नाही. "अजी, सरोता माह्या हातून पडला होता," त्या एका दमात बोलून गेल्या. साडू त्यांच्याकडे वळले. आता काय होतं म्हणून मी दाराकडे सरकलो.

"म्हंजे चाळीस वर्षं तूही श्वास रोखूनच होती," ते म्हणाले. "बस इथं. आयक."

ताई त्यांच्या शेजारी बसल्या आणि गाणं मी पहिल्यापासून लावलं.

साडूंनी नागपूरला नकार कळवला. बाई आता सोळाच्या सोळा मात्रा गातात, तबलजी खूश आहे. गाणं ठाकठीक होतं. फक्त ती जागा आली की मी अजूनही उडायला तयार होऊन बसतो, आणि कोणी उडत नाही. मला ती चुकीची तबकडीच जास्त आवडायची. हे मी साडूंना अजून सांगितलेलं नाही.