रॉटरडॅममध्ये वागायचं कसं

नाशिकहून माणसं युरोपला नेणं हा माझा धंदा. प्रत्येक ट्रिपआधी कॉलेज रोडवरच्या ऑफिसात मी सगळ्यांना तिथं कसं वागायचं ते सांगतो. सगळे माना डोलावतात आणि विमानातून उतरलं की करायचं तेच करतात! त्यामुळे किस्से इतके साठलेत की बायको म्हणते, "आता ट्रिपा बंद कर, नुसते किस्से सांगत बस."

पण पिंपळगावच्या तात्यांच्या ट्रिपमधून मी अजून सावरलेलो नाही.

तात्या द्राक्षवाले. त्यांचा माल रॉटरडॅमचा यान नावाचा व्यापारी घेतो. यंदा माल पोचल्यावर त्याचा एवढाच मेसेज आला, "फोनवर नको, येऊन भेटा." झालं! तात्या निघाले, सोबत त्यांच्या पत्नी लताकाकू आणि मधे बोलायला मी. यानने माल घेणं बंद केलं तर पुढच्या सीझनला द्राक्षं द्यायची कुणाला, या काळजीने काकूंची झोप उडाली होती.

*

विमानतळावरून ट्रेन पकडली. तिथं एक शांत डबा असतो, त्यात कुणी हूं की चूं करत नाही. नेमके आम्ही त्यातच! तात्यांनी बसल्या बसल्या गड्याला स्पीकरवर फोन लावला. "विहिरीवरची मोटार चालू केली का रं?" पलीकडून गडीही तेवढ्याच जोरात ओरडला. अख्खा डबा वळला.

मी खूण केली. तात्या समजले आणि फोनवर कडाडले, "आरं हळू बोल! समदे माझ्याकडं बघून राहिले!"

*

स्टेशनबाहेर छान गुळगुळीत तांबडा रस्ता दिसला. एक गाडी नाही. तात्या मधोमध उभे. "काढ फोटो!"

तो सायकलींचा रस्ता. मागून घंट्यांचा नुसता कल्लोळ! सत्तरीची एक आजी त्यांच्या कानाजवळून सुसाट गेली आणि जाता जाता काहीतरी सुनावून गेली. तात्या पांढरेफटक.

"आपल्याकडच्या म्हाताऱ्या पण शिव्या देतात, पण निदान थांबून देतात!"

*

तिथं घरांच्या खिडक्यांना पडदे नसतात, आणि तरीही आत बघायचं नसतं. हे मी ऑफिसात चारदा सांगितलं होतं. तात्यांनी एका खिडकीत डोकावून टीव्ही बघणाऱ्या माणसाला चक्क नमस्कार केला. तो दचकला, मग बिचाऱ्यानेही हात जोडले.

काकू हळूच मला म्हणाल्या, "पडदा घ्यायची ऐपत नसंल का रे यांची?"

*

भेट दुसऱ्या दिवशी सकाळची ठरली होती. पण तात्या म्हणाले, "वळखीच्या माणसाकडं जायला टायम कशाला घ्यावा लागतो?" आणि चिवड्याची पिशवी घेऊन संध्याकाळीच यानच्या दारात! मी नको नको म्हणत मागे.

यानने दार उघडलं. म्हणाला, "आम्ही जेवतोय. उद्या सकाळी या." आणि दार लावलं. माझाच विश्वास बसेना, त्या दोघांना काय सांगणार?

"आपल्याकडं भांडण असलं तरी दोन घास खा म्हणतात," तात्या पुटपुटले. काकूंच्या डोळ्यांत पाणी. "तुटलंच म्हणायचं आता."

*

सकाळी मात्र यानने हसून कॉफी दिली आणि त्याच हसऱ्या तोंडाने म्हणाला, "तुमची द्राक्षं आंबट होती."

असं तोंडावर! आपल्याकडचा व्यापारी नुसतं 'बघू, बघू' म्हणत वर्ष काढतो. तात्यांनी बोटीला झालेला उशीर, हवामान, सगळं सांगून पाहिलं. यान शांतपणे उठला आणि कोल्ड स्टोरेजमधून तात्यांचाच एक बॉक्स घेऊन आला.

काकूंनी द्राक्षाचा एक मणी तोंडात टाकला. चेहरा वाकडा झाला.

"आंबटच हायेत. मी म्हणत नव्हते, तोडायला आठ दिवस थांबा? पण यांना घाई! सगळ्या गावाच्या आधी यांचाच कंटेनर निघाला पाहिजे!"

"मंदार, हे नको सांगू!" तात्या घाबरून मला म्हणाले.

"काय म्हणतात त्या?" यानने विचारलं.

"सांग रे," काकू म्हणाल्या, "जसंच्या तसं सांग. लबाडी करून माल कितीदा विकायचा?"

सांगितलं. यानने आपली खुर्ची उचलली, काकूंच्या समोर नेऊन ठेवली आणि विचारलं, "पुढच्या वर्षी तोडणी कधी?"

"फेब्रुवारीच्या..." तात्यांनी सुरुवात केली.

"तुम्ही नाही," यान म्हणाला. "त्या सांगतील."