स्वतः बसवलेले नळे

तीन आठवडे झाले. बुधवारा पेठेतल्या माझ्या दवाखान्यात एका रोग्याची नाडी बघत होतो आणि कंपाउंडरनं दारातूनच सांगितलं, "डॉक्टरसाब, तुकाराम मिस्त्री गेले." बोटं मनगटावर तशीच राहिली, पण ठोके काही मोजता येईनात...

संस्थानं विलीन होत होती त्या वर्षांत एका छोट्या संस्थानिकाची जुनी मोटार मी विकत घेतली. खकनारकडच्या खेड्यांत रोगी बघायला जायचं असे. गाडी दिसायला राजेशाही, पण चढ आला की धापा टाकायची. गावातल्या सिंधीपुऱ्यात तुकारामचं गॅरेज होतं. त्यानं इंजिनाला कान लावला आणि म्हणाला, "हिला श्वास पुरत नाही." हवा गाळणारा मूळ डबा काढून त्यानं स्वतः घडवलेला पत्र्याचा रुंद नळा बसवला, जोडीला कार्बोरेटर साफ केला, इंजिनात ठिणगी पडायची वेळ जुळवली. गाडी अशी पळाली की गावभर बोलबाला झाला. केळीचे ट्रकवालेही नळा मागू लागले. त्याचा घुमणारा आवाजच रुबाबदार होता. लोक तुकारामला 'नळेवाला मिस्त्री' म्हणत, आणि ते नाव त्याला आवडायचं.

दीडेक वर्षानं माझी गाडी इंजिनातलं वंगणतेल प्यायला लागली. तुकारामनं इंजिन खोललं, सिलिंडरच्या आतून बोट फिरवलं. खकनारच्या रस्त्याची धूळ नळ्यातून थेट आत जाऊन सिलिंडर घासून निघालं होतं.

"माझ्यामुळे झालं हे."

"पण ताकद तर वाढली होती ना?"

"वाढली. पण कशानं? मी तीन कामं एकदम केली, डॉक्टरसाब. वेगवेगळी करून बघितलीच नाही."

इंजिन दुरुस्त झाल्यावर आम्ही दोघं असीरगडच्या चढावर गेलो. कधी नळा लावून, कधी डबा लावून, तोच चढ, तेच वजन, आणि घड्याळ माझ्या हातात. फरक असा काही निघेना. मग त्यानं मुद्दाम ठिणगीची वेळ बिघडवली. गाडी निम्म्यातच रखडली. "दम जुळवणीत होता," तो हळूच म्हणाला, "नळा नुसता ओरडत होता..."

मी म्हटलं, सगळ्यांचे नळे गुपचूप बदलून टाक, नाहीतर नाव जाईल. त्यानं ऐकलं नाही. सायकलला डबे बांधून तो एकेका मालकाकडे गेला. खकनारच्या बाजारात एक ट्रकवाला चारचौघांत ओरडला, "मंग आमाले येडं बनवलं काय?"

"पहिले मीच येडा बनलो, भाऊ. डबा आणलाय, आत्ताच बसवून देतो."

कित्येक महिने गॅरेज ओस होतं. तो मात्र रोज वेळेवर उघडायचा. हळूहळू माणसं परतली. तो खकनारवालाही नवा ट्रक घेतल्यावर आधी इथंच आला. इतक्या हुशार दुसऱ्या कुणा माणसाला आपली चूक अशी बाजारात उभी करताना मी पाहिलं नाही. माझ्या धंद्यात तर नाहीच.

त्यानंतर त्यानं एक रीत पाडली. गाडी परत देताना हवा आत जाते त्या वाटेत पांढरं फडकं फिरवून, धूळ नाही हे मालकाला दाखवायचं. परवा गॅरेजवर गेलो, तर हाताखालच्या पोरांनी दुरुस्त केलेली जीप न्यायला एक मालक आला होता. अनसूयावहिनींनी, तुकारामच्या बायकोनं, खुंटीवरचं फडकं घेतलं, आत फिरवलं, त्याच्यासमोर धरलं... आणि त्यानं नीट बघेपर्यंत हात खाली घेतला नाही.