पितरांच्या ओळीतले आजोबा

इथं मस्कतमध्ये मी एका म्हाताऱ्या आजींची देखभाल करते. सातवीतून शाळा सोडलेल्या मला हे काम मिळालं आणि टिकलंय, याचं रोज नवल वाटतं. त्यांना गोळी देताना पाकिटावरचं नाव दोनदा वाचते. चुकायची भीती जुनीच आहे. पण चुकलेल्या माणसालाही कोणी जवळ ठेवतं, हे मला आत्यानं दाखवलं.

आत्या धवलारीण. आमच्या लग्नांत विधी व्हायचे ते तिच्या गाण्यांवर, आणि कितीतरी गाणी तिची स्वतःची. लिहिता येत नव्हतं; वाल खुडता खुडता जुळवायची नि डोक्यात ठेवायची. ती ओळ टाकायची, मी मागून झेलायची. शाळा सुटल्यावर माझ्या हाती तेवढंच काम होतं. तेही गेलं तर पुढं काय, मला ठाऊक नव्हतं.

हळदीला आधी देवांना आवतण, मग घरातल्या मेलेल्यांना, मग हयात वडीलधाऱ्यांना, एकेकाचं नाव घेऊन. नावं गोळा करायची मी. एकोणीस वर्षांची होते तेव्हा चौलला एका घरी हळद होती. बायका वडे तळण्यात गुंतलेल्या, म्हणून मी भिंतीवरचे फोटो बघितले. एकात नवरदेवाचे आजी-आजोबा शेजारी शेजारी, वर ताजा हार. अंगणातल्या एका पोरीला दोघांची नावं विचारली आणि आत्याला पितरांमध्ये सांगून मोकळी झाले.

आत्यानं नाव घेतलं, मी ओळ झेलली, आणि पुढच्या खुर्चीतून एक म्हातारा काठी टेकत उठला.

"ओ धवलारीण! मी हितं बसलोय नं! मला कुठून बोलवतेस?"

हार फक्त आजींसाठी होता.

"आजोबा, रेशनकार्डावर नाव हाय का बघा!" मागून कोणीतरी ओरडलं. नवरदेवाची काकू मात्र भडकली. "अपशकुन केला! दुसरी धवलारीण बोलवा!"

मला वाटलं, आता आत्या माझ्याकडं बोट दाखवणार. "चूक माझी," ती एवढंच म्हणाली आणि तिथल्या तिथं नवी ओळ टाकली,

"आजाला न्यायाला पितर आलं दारी..."

आत्या थांबली, माझ्याकडं बघत. पुढची ओळ ती मलाच जुळवायला लावत होती. तोवर मी कधी एक शब्द जुळवला नव्हता.

"गा गो," ती पुटपुटली.

"आजा बोलं, जा माघारी, हळद माझ्या घरी!"

कुठून आलं कोण जाणे. सगळ्यांत मोठ्यानं हसले ते आजोबाच. "हां, आता कसं! परत म्हण पोरी." तीनदा म्हणवून घेतलं. काकूनं स्वतःच्या हातानं त्यांना हळद लावली.

परतताना रिक्षात मी विचारलं, "आत्या, उद्यापासून येऊ नको ना?"

"का गो? उद्या नागावला हळद हाय. माझी ओळ मीच झेलू काय?"

"आणि नावं?"

"तूच आणशील. दुसरं कोण हाय?"

नागावला मी प्रत्येक नावामागं घरच्या जाणत्या बाईला विचारलं, "हे हयात आहेत ना?" दोघी-तिघींच्या शिव्या खाल्ल्या. आत्यानं मात्र मी सांगितलेलं एकेक नाव तसंच्या तसं घेतलं, एकदाही उलटून न विचारता.