बंगल्यातल्या बाईसाठी बिबड्या

“रिकाम्या हातानं कोनाच्या घरी जात नसतेत माय.” लग्नानंतर मी पहिल्यांदा शेजारी निघाले, तेव्हा सासूबाईंनी दारातच थांबवून माझ्या हातात वाटीभर शेंगदाणे दिले होते.

मागच्या आठवड्यात त्यांना घेऊन आम्ही रत्नागिरीला गेलो. तिथे समुद्राच्या अंगाला एक जुना, देखणा बंगला आहे... उतारावर पसरलेली बाग, लाल फरशीचा व्हरांडा आणि उंच खिडक्यांतून आत येणारं लख्ख ऊन. आता तो सगळ्यांना पाहायला खुला आहे.

आदल्या दिवशी मी फक्त “उद्या एक मोठं घर पाहायला जाऊ” एवढंच म्हणाले होते. घर म्हटल्यावर सासूबाईंनी गावाहून आणलेल्या बिबड्यांची पिशवी काखोटीला मारली. आमच्याकडे ज्वारीच्या पापडांना बिबड्या म्हणतात.

तिकीट काढून आत गेलो. सासूबाईंनी पायरीखाली चपला काढल्या आणि वाफ्यात खुरपत बसलेल्या एका बाईंना विचारलं, “घरची बाई कुठी हाये?”

“इथे कोणी राहत नाही, आजी.”

“मंग एवढं घर सांभाळते कोन?”

“आम्हीच. मी बाग बघते, आणखी दोघी आतली झाडलोट करतात.”

“मंग घरची तूच झाली. घे.”

चार लोक बघत होते... मी घाईघाईने पुढे झाले. त्या बाई मात्र हसून म्हणाल्या, “घेते. पण घरच्यांकडे आलात तर घरचं काम पडेल हां. हे गवत काढू लागा.”

सासूबाईंनी पदर खोचला आणि बसल्याच.

“अहो आजी, गंमत केली मी!”

“गवत थोडीच गंमत करून राह्यलं? सरक तिकडं.”

आम्ही दालनं पाहिली, झुंबरं पाहिली, समुद्राच्या खिडकीत फोटो काढले. परत आलो तर वाफा स्वच्छ, आणि सासूबाई सुरंगीच्या झाडाच्या सावलीत तोंडावर पदर घेऊन गाढ झोपलेल्या. उशाला त्या बाईंनी दिलेली पोत्याची घडी...

मी बघतच राहिले. बुलढाण्याला आमच्या घरी त्या दुपारी कधीच आडव्या होत नाहीत. सोफ्याच्या कडेला बसतात, सामानाची पिशवी पायाशी ठेवतात आणि दुसऱ्या दिवशी “घरी गाय हाये” म्हणून गावाकडची मोताळ्याची बस पकडतात. गाय विकून कितीतरी वर्षं झाली.

मला वाटायचं, मळ्यात भाजीपाला पिकवणारी बाई, तिला फ्लॅटमध्ये करमत नसेल. त्यांनी मेथी निवडायला घेतली की मी ताट उचलायचे... “आई, तुम्ही बसा.” तो मानच होता, आजही मला त्यात वावगं वाटत नाही. पण पाहुण्याला मान मिळतो, झोप लागत नाही. घरचं माणूस कसं करून घ्यायचं, हे त्या बागेतल्या बाईंना एका वाफ्यात जमलं. मनापासून आभार त्यांचे.

आज संध्याकाळी गावी फोन करणार आहे. उत्तर काय येणार ते मला पक्कं ठाऊक आहे, तरी विचारणारच...

“आई, महिनाभर राहायला या. भाजी तुम्ही करा, मी बसते.”